सीकेव्ही कापला, चित्र आलं. पण डाव्या कडेचं काय?

"आवाज येतोय ओ, मागचा उजेड पण आहे, नुसतं चित्रच नाही." इचलकरंजीतल्या माझ्या दुकानात पंचावन्न-पासष्ट इंची टीव्ही घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार हीच असते. टी-कॉनवर, म्हणजे पॅनलला वेळेवर सिग्नल देणाऱ्या बोर्डावर, मीटर लावला की व्हीजीएच, म्हणजे पडद्याच्या ओळी उघडणारा दाब, बसलेला सापडतो. अठ्ठावीस-तीस व्होल्ट हवेत, तिथे पाच-सात. नाहीतर क्षणभर येतो आणि जातो. लेव्हल शिफ्टरच्या, म्हणजे सिग्नल त्या दाबापर्यंत चढवणाऱ्या, आयसीवर बोट ठेववत नाही. मग टी-कॉनपासून पॅनलकडे जाणारी एका बाजूची फ्लेक्स (चपटी केबल) काढून टीव्ही चालू करायचा. डावी काढल्यावर उजव्या अर्ध्यात चित्र आलं, म्हणजे शॉर्ट डाव्या बाजूच्या काचेत. ती फ्लेक्स परत बसवताना सीकेव्हीच्या, म्हणजे ओळी एकेक करून उघडायला लावणाऱ्या क्लॉकच्या, पिनांवर पिवळ्या टेपची बारीक पट्टी लावायची. टीव्ही सुरू, आणि चित्र पूर्ण.

हे काम आता गावोगावी चालतं. नवं पॅनल टाकायचं म्हटलं तर खर्च टीव्हीच्या किमतीला जाऊन भिडतो, म्हणून मीही हे काम करतो आणि मला ते योग्यच वाटतं. पण एका बाजूचे सगळे गेट सिग्नल तोडूनही पूर्ण चित्र कसं येतं, असं विचारलं की बहुतेक कारागीर "दोन्ही बाजूंनी सप्लाय असतो" एवढंच सांगतात. तो दोन्ही बाजूंनी कशाला दिलाय? कंपनीने हौस म्हणून काचेच्या दोन्ही कडांवर तेच सर्किट छापलेलं नाही. त्यामागे एक मोठी लढाई आहे, आणि टेप लावताना आपण त्या लढाईतली अर्धी फौज माघारी बोलावतो. ही लढाई मला फार आवडते. तिच्याबद्दल मराठीत नीट लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हा लेख.

आधी हिशोब मांडू. फोर-के पॅनलमध्ये आडव्या ओळी २१६०. एका ओळीत ३८४० पिक्सेल, प्रत्येकात लाल-हिरवा-निळा, म्हणजे ११,५२० सब-पिक्सेल. प्रत्येक सब-पिक्सेलमागे एक ट्रान्झिस्टर. ओळीतल्या सगळ्या ट्रान्झिस्टरांची गेटं एकाच आडव्या तारेला जोडलेली असतात, तिला गेट लाइन म्हणतात. उभ्या तारा सोर्स लाइनच्या, त्यांतून रंगाचं व्होल्टेज येतं. गेट लाइनवर व्हीजीएच दिला की ओळीतले सगळे ट्रान्झिस्टर उघडतात, सोर्सचं व्होल्टेज पिक्सेलमध्ये भरतं. मग व्हीजीएल, म्हणजे मिटवणारं उणे व्होल्टेज, देऊन ओळ बंद करायची आणि पुढची उघडायची. सेकंदाला साठ वेळा पूर्ण पडदा भरायचा, आणि मोकळ्या वेळेच्या ओळी धरून एकूण २२५० ओळी मोजायच्या, तर एका ओळीच्या वाट्याला ७.४ मायक्रोसेकंद येतात. १२० हर्ट्झच्या पॅनलला ३.७. फुल एचडीच्या जमान्यात, साठ हर्ट्झला, हाच वेळ १४.८ होता.

पिट्सबर्गला वेस्टिंगहाउसच्या प्रयोगशाळेत पीटर ब्रॉडी यांच्या गटाने १९७३ च्या सुमाराला पातळ थराच्या ट्रान्झिस्टरांवर चालणारं एलसीडी पॅनल बनवलं, ते सहा इंच बाय सहा इंच होतं आणि त्यात १२० बाय १२० ठिपके होते. तेवढ्या ओळी सेकंदाला साठ वेळा भरायच्या म्हटलं तर एका ओळीला जवळजवळ १३९ मायक्रोसेकंद मिळतात. तिथून इथवर येताना तार सहा इंचांवरून सव्वा मीटरवर गेली आणि वेळ अठराव्या हिश्श्याहून कमी उरला. दोन्ही गोष्टी उलट्या दिशेने ताणल्या गेल्या.

आता तारेकडे बघू. ५५ इंची पॅनलची रुंदी साधारण १२१ सेंटिमीटर. गेटची तार तेवढी लांब. तिची रुंदी दहा मायक्रॉन आणि जाडी अर्धा मायक्रॉन धरू, धातू तांबं. अशा तारेचा रेझिस्टन्स पाच किलोओहमच्या थोडा वर जातो. वाटेत प्रत्येक सब-पिक्सेलपाशी ही तार सोर्स लाइनला ओलांडते, ट्रान्झिस्टरच्या गेटला भिडते, म्हणजे प्रत्येक ठिकाणी एक चिमुकला कपॅसिटर लटकलेला असतो. तो तीस फेम्टोफॅरड धरला तर ११,५२० ठिकाणांचे मिळून साडेतीनशे पिकोफॅरड होतात. हे आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, प्रत्येक पॅनलचे वेगळे असतात, पण अंदाज यायला पुरेसे. दोन्हींचा गुणाकार १.८५ मायक्रोसेकंद. असा रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स तारेच्या लांबीभर पसरलेला असला की दुसऱ्या टोकाला व्होल्टेज नव्वद टक्क्यांपर्यंत चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे १२० हर्ट्झच्या पॅनलमध्ये गेट एकाच बाजूने चालवला, तर ओळीला मिळालेल्या ३.७ मायक्रोसेकंदांतला अर्धा वेळ लांबच्या टोकाचं दार उघडण्यातच गेला.

कालव्याच्या टेलला शेत असलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. वर दार उघडल्या उघडल्या पहिल्या शेताला पाणी धो-धो लागतं. टेलला ते पोचतं उशिरा, आणि येतं तेही हळूहळू चढत. पाळी मात्र सगळ्यांची घड्याळाच्या एकाच काट्यावर संपते.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे वर्गाचा नियम. त्याच घडणीची तार दुप्पट लांब केली की रेझिस्टन्स दुप्पट, कपॅसिटन्सही दुप्पट, आणि उशीर चौपट. हा नियम टीव्हीवाल्यांनी शोधलेला नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेले, यांनी तो १८५५ साली समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलसाठी मांडला होता. अटलांटिक केबलचे मुख्य विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना तो पटला नाही. १८५८ साली अटलांटिकखालून पहिली केबल पडली, राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप पलीकडे जायला सोळा तास लागले. व्हाइटहाउसनी मोठमोठ्या इंडक्शन कॉइलींनी दाब वाढवून पाहिला, आणि काही आठवड्यांतच केबल निकामी झाली. पुढे थॉमसनचं गणित धरून जाड तांब्याच्या चांगल्या केबली झाल्या. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने टाकलेली अशीच एक केबल मुंबईहून एडनला गेली. हजारो मैलांच्या केबलला लागू होणारं समीकरण माझ्या टेबलावरच्या सव्वा मीटर काचेला जसंच्या तसं लागू होतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या दिवशी दुसरं काही काम केलं नव्हतं.

तर वर्गाचा नियम जसा मारतो तसा तारतोही. तार दोन्ही टोकांनी चालवली की प्रत्येक बाजूला अर्धीच तार भरायची असते. अर्ध्या लांबीला उशीर पाव. वरच्या उदाहरणात १.८५ चे ०.४६ मायक्रोसेकंद. म्हणून काचेच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही कडांवर गेटचं सर्किट आहे. पूर्वी गेटच्या वेगळ्या आयसी फ्लेक्सवर चिकटवलेल्या असत. आता हे सर्किट काचेवरच, पिक्सेलच्या ट्रान्झिस्टरांबरोबर एकाच वेळी छापतात. कुणी त्याला जीओए (गेट ऑन ॲरे) म्हणतं, कुणी जीआयपी (गेट इन पॅनल). टी-कॉनवरचा लेव्हल शिफ्टर त्याला एसटीव्ही (फ्रेम सुरू करायची खूण) आणि सीकेव्हीचे सिग्नल देतो, आणि ते एकेक ओळ उघडत खाली जातं. आपल्याकडे येणारे शॉर्ट याच सर्किटात झालेले असतात.

सगळ्याच पॅनलांत हे असं नसतं. काही पॅनलांत डावी बाजू विषम ओळी चालवते आणि उजवी सम. तिथे एक बाजू टेप केली की एकाआड एक ओळ जाते, चित्र अर्धवट येतं, आणि नवखा कारागीर सोर्स लाइनींना सिग्नल देणाऱ्या सोर्स बोर्डावर खापर फोडत बसतो. पण मोठ्या टीव्हीत बहुधा प्रत्येक ओळीला दोन्हीकडून जोर दिलेला असतो.

धातू बदलणं हा दुसरा उपाय. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त. पण तांबं काचेला नीट धरत नाही आणि सिलिकॉनमध्ये शिरून ट्रान्झिस्टर नासवतं. म्हणून त्याच्याखाली मॉलिब्डेनम किंवा टायटॅनियमचा, नाहीतर दोन्हींच्या मिश्रणाचा पातळ थर द्यावा लागतो. ॲल्युमिनियमला तापवलं की पृष्ठभागावर बारीक टेंगळं येतात, तो त्याचा वेगळा त्रास. तार रुंद करता येते, पण मग ओलांडणीचा कपॅसिटर वाढतो आणि उजेडाला जागा कमी उरते. जाड केली तर वरचे थर पायरीवर तुटतात. एकूण काय, नुसत्या धातूच्या जोरावर ही लढाई जिंकता येत नाही. इंजिनियरांनी उशीर मान्य करून बाकीचं सगळं त्याच्याशी जुळवून घेतलं, आणि मला खरी कमाल तिथेच दिसते.

ओळ उघडायला उशीर झाला तर पिक्सेल थोडा कमी भरेल, एवढंच. बंद व्हायला उशीर झाला तर मात्र घात होतो. लांबच्या टोकाचा ट्रान्झिस्टर अजून मिटायचाय, तोवर सोर्स लाइनवर पुढच्या ओळीचा रंग आलासुद्धा. मग खालच्या ओळीतलं काहीतरी वरच्या ओळीत मिसळतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं असली की कडा मळकट दिसतात. म्हणून गेट आधी मिटवतात, आणि सर्वांत लांबचा ट्रान्झिस्टर मिटला असं धरून मगच डेटा बदलतात. ही मधली गॅप ओळीच्या ७.४ मायक्रोसेकंदांतूनच कापून जाते.

दुसरं नुकसान जास्त सूक्ष्म आहे आणि आपल्या कामात तेच जास्त भोवतं. गेट अठ्ठावीस व्होल्टवरून उणे आठवर कोसळतो, तेव्हा ट्रान्झिस्टरच्या आतल्या छोट्या कपॅसिटरमधून पिक्सेललाही खाली हिसका बसतो. छत्तीस व्होल्टच्या उडीतला साधारण एखादा व्होल्ट. सगळीकडे सारखाच हिसका बसला तर काळजी नसते, व्हीकॉम, म्हणजे सगळ्या पिक्सेलचं समाईक व्होल्टेज, तेवढाच खाली घेतला की झालं. पण तो सारखा बसत नाही. गेट सर्किटाच्या जवळ व्होल्टेज झपकन पडतं, तिथे हिसका पुरा बसतो. लांब ते हळूहळू उतरतं, ट्रान्झिस्टर थोडा वेळ उघडाच राहतो, सोर्स लाइन पिक्सेलला पुन्हा भरून देते, आणि हिसका कमी होतो. म्हणजे जवळच्या पिक्सेलला एक व्हीकॉम बरोबर आणि लांबच्याला दुसरा. चुकीच्या व्हीकॉमवर पिक्सेलचं फ्रेमागणिक आलटून-पालटून होणारं धन आणि ऋण भरणं असमान होतं. त्यातून लुकलुक येते, आणि बराच वेळ स्थिर चित्र राहिलं की त्याची सावली उमटते.

यावरचा उपाय मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. स्कोप असेल तर बघून घ्या. चांगल्या चालणाऱ्या पॅनलच्या सीकेव्हीवर प्रोब लावा, एका पल्सवर वेळ ताणा. पल्स वर जातो, सपाट चालतो, आणि मिटायच्या थोडं आधी त्याचा उजवा खांदा उतरायला लागतो. अठ्ठावीसवरून वीसच्या आसपास तिरका येतो, आणि तिथून सरळ उणे आठवर पडतो. मीटरवर हे कधीच कळणार नाही, तो सरासरी दाखवून मोकळा होतो. नवीन पोरं हा कापलेला खांदा बघून विचारतात, "दादा, लेव्हल शिफ्टर वीक झालाय काय?" नाही. तो मुद्दाम कापलाय. लांबच्या टोकाला पल्स तसाही तिरकाच उतरणार असतो, म्हणून जवळच्या टोकालाही तो आधीपासून तिरका उतरवायचा. दोन्हीकडचा उतार सारखा झाला की हिसकाही जवळजवळ सारखा बसतो. सगळ्यांत वेगवान जागेला हळू करून सगळ्यांत हळू जागेशी जुळवून घेतलं. हे ज्यांना सुचलं त्यांना माझा नमस्कार.

सीकेव्हीच्या तारा चार, सहा, आठ अशा का असतात, याचंही उत्तर इथेच आहे. एकाच क्लॉकने एकेक ओळ उघडली असती तर प्रत्येक ओळीला तिचा स्वतःचा वेळच मिळाला असता. अनेक क्लॉक एकमेकांवर चढवून चालवले की प्रत्येक ओळ तिच्या पाळीच्या दोन-तीन ओळी आधीच उघडून ठेवता येते. तेवढ्यात तिच्यात शेजारच्या ओळींचा रंग भरत राहतो. तो चुकीचा असतो, पण पिक्सेल बराचसा चढलेला असतो. शेवटच्या तुकड्यात तिचा खरा रंग येतो, आणि उरलेला फरक भरायला थोडा वेळही पुरतो. हे जमतं कारण एका उभ्या सोर्स लाइनची पोलॅरिटी, म्हणजे धन की ऋण, एका फ्रेमभर तीच ठेवतात. दर ओळीला उलटी केली असती तर आधी भरलेलं सगळं वाया गेलं असतं.

सोर्सकडेही उशीर आहेच. सोर्स बोर्डाच्या जवळच्या ओळी लवकर भरतात, लांबच्या उशिरा. त्यासाठी ड्रायव्हर लांबच्या ओळींना क्षणभर गरजेपेक्षा जास्त ढकलतो आणि मग मूळ व्होल्टेजवर येतो. आठ-के पॅनलमध्ये ४३२० ओळी आहेत. १२० हर्ट्झला एका ओळीला दोन मायक्रोसेकंदही मिळत नाहीत. तिथे प्रत्येक उभ्या रांगेला दोन सोर्स लाइनी देऊन दोन ओळी एकदम उघडतात, म्हणजे वेळ दुप्पट. तोक्योच्या होसोनो यांच्या गटाने २००४ साली दाखवलेला, आणि शार्पने २०१२ साली पॅनलांत आणलेला आयजीझेडओ ट्रान्झिस्टर साध्या सिलिकॉनपेक्षा दहापट किंवा त्याहून जास्त चपळ आहे. तारेतला उशीर त्याने कमी होत नाही, पण दार उघडल्यावर भरणं पटकन होतं.

सीओएफ (सोर्स ड्रायव्हरची आयसी बसवलेली फ्लेक्स) काचेला चिकटवायचं बॉन्डिंगचं मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांनी एक गोष्ट रोज पाहिली असणार, पण थांबून पाहिली नसेल. सूक्ष्मदर्शकाखाली काचेची कड घ्या. ५५ इंची फोर-के पॅनलला बहुधा बारा सीओएफ असतात, एकेकाला ९६० आउटपुट. बारा गुणिले ९६० बरोबर ११,५२०. सीओएफ अरुंद आणि त्याने सांभाळायचा काचेचा पट्टा रुंद, म्हणून तारा पंख्यासारख्या पसरत जातात. कडेच्या तारांना तिरकं लांब जावं लागतं, मधल्यांना समोरच पोचायचं असतं. भिंग थोडं मध्याकडे सरकवा. मधल्या तारा सरळ जात नाहीत. नागमोडी वळणं घेत जातात, मध्याच्या जितक्या जवळ तितकी वळणं जास्त. जवळचा रस्ता असून त्यांना मुद्दाम लांबून नेलंय, म्हणजे कडेच्या तारांइतकाच रेझिस्टन्स होतो आणि सगळे सिग्नल बरोबरीने पोचतात. नाहीतर प्रत्येक सीओएफच्या खाली पडद्यावर एक फिकट उभा पट्टा दिसला असता. खांदा कापलेल्या पल्सची युक्ती आणि ही युक्ती एकाच डोक्यातून निघालेल्या आहेत.

आणि आता आपल्या टेपच्या मुळावर येणारी गोष्ट. अनेक मोठ्या पॅनलांत सोर्स ड्रायव्हरच्या आयसी सगळ्या एकाच क्षणी डेटा सोडत नाहीत. गेटचा सिग्नल दोन्ही कडांकडून आत येतो, मध्यावर सर्वांत शेवटी पोचतो. म्हणून कडेच्या आयसी आधी सोडतात, मधल्या थोड्या उशिरा. किती उशिरा, ते टी-कॉनच्या मेमरीत लिहून ठेवलेलं असतं. गेटची लाट जिथे जशी पोचेल तिथे तसाच डेटा हजर.

आपण डावी बाजू टेप केली. आता गेट एकट्या उजव्या बाजूने येतो, पूर्ण सव्वा मीटर. उशीर पावाचा पुन्हा पूर्ण झाला. शिवाय काचेवरचा तो बिचारा ट्रान्झिस्टर, जो अर्धी तार ढकलण्याच्या हिशोबाने बनवला होता, त्याच्यावर अख्खी तार आली. म्हणून उजव्या कडेलासुद्धा पल्स पूर्वीइतका चटकन चढत नाही. टी-कॉनला यातलं काही माहीत नाही. तो अजूनही मध्याला सर्वांत शेवटी समजतो आणि डाव्या कडेला सर्वांत आधी डेटा बदलतो. प्रत्यक्षात डावी कड सर्वांत शेवटची झालीय. गेट मिटायच्या आत डेटा बदलण्याचा धोका नेमका तिथे. पल्सचा कापलेला खांदाही जुन्याच उतारासाठी मोजलेला. सीकेव्हीच्या उभ्या तारांना स्वतःचाही उशीर असतो, त्यामुळे सर्वांत वाईट जागा कुठली, तर टेप लावलेल्या बाजूचा आणि सोर्स बोर्डापासून लांबचा कोपरा. टेप लावल्यावर मी आधी तिथे डोळे लावतो.

साठ हर्ट्झच्या पॅनलांत वेळ सढळ असतो, तिथे बहुतेकदा डोळ्याला काही कळत नाही. म्हणूनच ही दुरुस्ती इतकी चालते. १२० हर्ट्झच्या पासष्ट इंचीला मात्र मी गिऱ्हाइकाला काम सुरू करण्याआधीच सांगतो की चित्र येईल, पण एका कडेला फरक राहू शकतो, आणि पावतीवरही तसं लिहितो. लोक समजूतदार असतात. "मॅच दिसली म्हणजे झालं ओ," म्हणतात. पण घरी नेल्यावर स्वतःला दिसणं वेगळं आणि आपण आधी सांगणं वेगळं.

तपासणी कशावर करायची, तर सिनेमा किंवा मॅचवर नको. हलत्या चित्रात सगळं लपतं. पूर्ण पांढरा किंवा पूर्ण काळा पडदाही फसवा. व्होल्टेजच्या फरकाने उजेडात सर्वांत जास्त फरक पडतो तो मधल्या करड्या रंगावर. पेन ड्राइव्हवर सपाट करडं चित्र ठेवा, पन्नास टक्क्यांच्या आसपासचं एक आणि त्याहून गडद एक. खोलीतला दिवा मालवून चार पावलं मागे उभं राहा आणि टेपच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नजर फिरवा. ती कड गडद दिसली तर पिक्सेल पुरेसे भरत नाहीत. मग एकाआड एक काळी-पांढरी आडवी ओळ असलेलं चित्र लावा, पॅनलच्या मूळ रिझोल्यूशनमध्ये; टीव्हीतलं ओव्हरस्कॅन (कडा कापून चित्र मोठं करणं) बंद असू द्या, नाहीतर ओळी मिसळून भलतंच दिसेल. टेपच्या कडेला या ओळी एकमेकांत विरघळून करड्या झाल्या तर गेट मिटायच्या आत डेटा बदलतोय. हा दोष टी-कॉनच्या वेळापत्रकातला आहे, आणि तो आपल्या टेबलावर सुटत नाही. असा टीव्ही मी 'बरा झाला' म्हणून देत नाही. गिऱ्हाइकाला चित्र समोर दाखवतो आणि ठरवू देतो.

लुकलुकीचं मात्र आपल्या हातात काहीतरी असतं. बऱ्याच टी-कॉनवर व्हीकॉम प्रोग्रॅम करता येणाऱ्या गामा आयसीतून, म्हणजे छटांची व्होल्टेजं ठरवणाऱ्या आयसीतून, येतो. आधी जुनी किंमत वाचून वहीत आणि फाइलमध्ये जपून ठेवायची, त्याशिवाय हात लावायचा नाही. टेपनंतर डाव्या अर्ध्यात हिसका पूर्वीपेक्षा कमी बसतो, म्हणून तिथला योग्य व्हीकॉम थोडा वर सरकलेला असतो. उजव्या कडेचा फार हललेला नसतो. एका किमतीत दोन्ही कडा बसणार नाहीत. करडा-काळा चौकटींचा लुकलुकीचा पॅटर्न लावायचा, एकेक पायरीने व्हीकॉम वर न्यायचा, आणि पडद्याच्या मध्यावर लुकलुक सर्वांत कमी होईल तिथे थांबायचं. मग ठळक काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं स्थिर चित्र तासभर तसंच ठेवायचं आणि लगेच सपाट करडं लावायचं. डाव्या कडेला चौकोनांची सावली रेंगाळली तर तिथे अजून डीसी (एकाच दिशेचं व्होल्टेज) उरलाय. आणखी एखादी-दुसरी पायरी वर न्यायची, आणि उजवी कड तेवढ्याने बिघडत नाही ना, ते त्याच चित्रावर परत तासभर बघायचं.